‘नाहीतर’ची सक्ती

“तुमची बाजू मी मांडायची? पाठ आहे ती मला,” पुतणी म्हणाली आणि मार्कर घेऊन फळ्यापाशी गेली.

काकांनी घडवलेल्या संगणकभाषेत ‘जर’ लिहिल्यावर ‘नाहीतर’ लिहायलाच हवं असं नव्हतं. अट खोटी ठरली, की यंत्र मुकाट पुढे जायचं. पुतणीला ‘नाहीतर’ची सक्ती हवी होती. काकांना नको होती. बदलाला दोघांचाही होकार लागायचा, आणि मतदानाआधी प्रत्येकाने समोरच्याची बाजू लढवायची, हा नियम काकांचाच. आजवर दोघंही त्यात पाट्या टाकत आले होते. आज ते जमणार नव्हतं. सूचना पुन्हा पडली तर निम्मी टीम घेऊन मी वेगळी भाषा काढते, असं तिने काल जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

तिने फळ्यावर लिहिलं : जर दार उघडलं, तर दिवा लाव.

“याला नाहीतर काय लिहू? काही करू नकोस? न करायच्या गोष्टी लिहीत बसलो तर...” ती थबकली. स्वतःच्याच ओळीकडे बघत राहिली. मग कोणी न सांगता तिने दुसरं उदाहरण लिहिलं. ते पहिल्याहून चांगलं होतं.

काका उठले. “हिची नेहमीची उदाहरणं लंगडी आहेत. मी देतो.” त्यांनी स्वतःचा ताजा प्रोग्राम पडद्यावर आणला. जर टाकी रिकामी, तर पंप सुरू कर. पुढे काहीच नव्हतं.

“मग बंद कोण करणार?” कोणीतरी विचारलं.

“कोणीच नाही. रात्रभर गच्ची धुतली गेली. हिची काकू अजून प्लंबरला शिव्या घालतेय.”

हसू ओसरल्यावर मतदान झालं. सक्ती हवी असणाऱ्यांनी हात वर करायचा होता. काकांचा हात वर गेला. पुतणीचा मांडीवरच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि खोलीत पुन्हा हशा पिकला.

“पडली सूचना,” काका डोळे पुसत म्हणाले. “मग, निघालीस का?”

पुतणीने खुर्ची पुढे ओढली.

“आता कशी जाऊ, काका? माझ्यामागे तुम्ही ती मंजूर करून टाकाल.”