ओठ माझे, आवाज त्याचा

बातम्यांच्या एका कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली म्हणून टीव्हीवाल्यांनी मला लंडनच्या स्टुडिओत बोलावलं आणि त्यातली माझी चाळीस वर्षांपूर्वीची मुलाखत लावली. जळालेल्या कारखान्यासमोर उभी राहून मी मराठीत बोलत होते. वरून मात्र एका साहेबाचा इंग्रजी आवाज येत होता: "इथं काम मिळालं, हेच आमचं नशीब."

तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. चाळीस वर्षं मी या देशावर धुमसत होते, सगळं ऐकूनही गप्प बसला म्हणून. त्यानं ऐकलंच नव्हतं.

"काय वाटतं, मिसेस गुरव?" निवेदकानं हसत विचारलं. प्रक्षेपण थेट चालू होतं.

मी कॅमेऱ्याकडे वळले आणि तेव्हाचंच बोलणं इंग्रजीत सांगितलं. "मालकानं दाराला बाहेरून कुलूप लावलं होतं. माझी बहीण आत होती."