बरणीतली पोर

“नाव सांगायला तुम्हाला मढंच लागतं का?” असं संग्रहालयातल्या साहेबांना फोनवर सुनावून भार्गवरावांनी काचेची बरणी पोटाशी धरली. करवंदीच्या जाळीत मुंगीएवढा सापडलेला प्रार्थना कीटक त्यांनी माश्या पकडपकडून वाढवला होता. तसला जांभळट कीटक कुठल्याच पुस्तकात सापडेना, आणि नाव सांगण्यासाठी साहेबांना तो मारूनच हवा होता.

“द्या की पाठवून. माझी साखरेची बरणी तरी सुटेल,” कुमुदताई म्हणाल्या. तोंडाने हे, आणि बोटावर पाण्याचा थेंब घेऊन हात बरणीत. मान तिरकी करून कीटक थेंब प्यायला. “बघते कशी, मेली,” त्या पुटपुटल्या.

सकाळी बरणीत दोन कीटक दिसले. एक निपचित पडला होता. भार्गवरावांचा चेहराच उतरला. कुमुदताईंनी बोट लावून पाहिलं, तर ती नुसती कात होती, पायांच्या काट्यांसकट. वर, बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याला लटकून पोर नवे पंख वाळवत होती.

कुमुदताईंनी कात कापसात ठेवली आणि स्वतःच फोन लावला. “साहेब, पोर कुठेही जाणार नाही. तिचे जुने कपडे पाठवतेय. त्यावरून सांगा, काय नाव हिचं?”