न्यायचं का पोचवायचं

"बस गाडीत! त्यांना न्यायला यायची लाज वाटती ना? मीच नेऊन आदळतो त्यांच्या दारात!"

राधाकिशननं बोलेरोचं दार असं आपटलं, की सायलीच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. सायलीच्या बापाला ते ऐकूही गेलं नाही. गेवराई मागं पडली तरी त्याची बडबड चालूच. मधूनच स्टेअरिंगवर थाप मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

भांडण कशाचं, तर व्हॉट्सअॅपचं! नातीच्या बारशाचं आवतण द्यायला चौसाळ्याच्या व्याह्याकडं, शिवशंकरकडं, घरी जायला पाहिजे होतं. कुंकू लावून, मानानं सांगायला पाहिजे होतं. राधाकिशननं कंटाळा केला आणि फोनवर पत्रिकेचा फोटो टाकून दिला. झालं! शिवशंकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारशाला सासरचं काळं कुत्रं फिरकलं नाही. वर निरोप आला, "आता सून बी तुमीच आणून सोडा." राधाकिशन काय ऐकतो? "बाळंतीण न्यायला सासरचं माणूस येतं, ही रीत हाय. मी न्हाई सोडणार."

सव्वा महिना असाच गेला. सायलीचा नवरा सत्यम रोज फोन करायचा आणि रोज एकच विचारायचा, "तुझे आप्पा काय म्हणतेत?" तिला फोन भिंतीवर फेकून मारावा वाटायचा. तिला आपल्या घरी जायचं होतं. लेकराला घेऊन आपल्या घरी, एवढंच. त्यासाठी दोन म्हाताऱ्यांच्या मिशा खाली यायला पाहिजेत, हे तिला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

बीडच्या अलीकडं एका फाट्यावर राधाकिशननं पाण्याची बाटली घ्यायला गाडी थांबवली. टपरीसमोर एक पांढरी गाडी उभी होती. आत सत्यम. बाहेर चहाचा कप घेऊन शिवशंकर.

"तुमी हितं?" राधाकिशन ओरडला.

"तुमच्याकडंच निघालतो." शिवशंकरनं कप बाकड्यावर आदळला. "आमी न्यायला येत न्हाई म्हणून बाजारात सांगत फिरता म्हणं! घ्या, आलो. न्यायलाच आलो."

सायलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवा, सुटले एकदाची! बाळाला पदराखाली घेऊन ती उतरली आणि पांढऱ्या गाडीकडं निघाली.

"थांब!" दोघंही एकदम गरजले.

"बाळंतीण अशी रस्त्यावर घ्यायची का?" शिवशंकर म्हणाला. "मी न्यायला आलोय. तुमच्या दारातून, चार माणसांदेखत नेणार. फिरवा गाडी गेवराईला."

"वा रे वा! मी पोचवायला निघालोय ना? तुमच्या उंबऱ्यावर नेऊनच सोडणार. तुमची फिरवा."

"मी न्हाई फिरवणार."

"मग मी बी न्हाई."

आता बघा. काल जो नेणार नव्हता, तो आज नेल्याशिवाय राहत नव्हता. काल जो सोडणार नव्हता, त्याला आज सोडायचंच होतं. आणि जिला न्यायचं-सोडायचं, ती भर उन्हात डांबरावर उभी. ऊन मी म्हणत होतं. बाळाचं तोंड लालबुंद झालेलं, रडून रडून आवाज बसलेला. टपरीवरची माणसं चहा विसरून बघत होती. दोघा व्याह्यांनी पोरांच्या लग्नातला मानपान काढला. मग सोयरीक जमवणाऱ्याचा उद्धार झाला.

"अहो, आवरा ना तुमच्या बाबांना," सायलीनं काचेतून सत्यमला म्हटलं.

सत्यमनं काच अर्धीच खाली केली. "बाबा म्हणतेत ते बी बरोबरच हाय ना. गेवराईला जाऊन रीतसर..."

सायलीचं डोकं सणकलं. तिनं पुढचं दार उघडलं, बाळासकट आत बसली आणि दार असं आपटलं, की दोघं म्हातारे बोलायचे थांबले.

"गाडी काढ."

"कुठं? गेवराईला का चौसाळ्याला?"

"सावलीत!" ती किंचाळली. आजवर तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. "लेकरू भाजतंय माझं, दिसत न्हाई का तुला? आधी सावलीत घे. मग दवाखान्यात दाखवू. मग माझ्या मनात येईल तिकडं जाऊ."

"अन् बाबा?"

तिनं काच खाली केली आणि बाहेर तोंड काढलं. "आप्पा, मामा, तुमची रीत तुमी हितंच पाळत बसा. ज्याला नात पायजे, त्यानं यावं हुडकत!"

सत्यमनं बायकोकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला न विचारता गाडी काढली. धुरळा खाली बसेपर्यंत गाडी दिसेनाशी झाली होती.

फाट्यावर दोन व्याही उरले आणि एक बोलेरो. टपरीवाला फिदीफिदी हसला. राधाकिशननं त्याच्याकडं असं बघितलं, की तो मुकाट्यानं कप विसळायला लागला. दोघंही रागानं फुसफुसत होते, दोघंही वेगवेगळ्या दिशेला तोंड करून.

शेवटी शिवशंकर खाकरला. मान वळवली नाही, पण आवाज उतरला होता.

"पावणं... पोरगी दिसायला कुणावर गेलीय हो?"

"तुमच्यावर," दातओठ खात राधाकिशन म्हणाला. "निस्ती वरडती. बसा गाडीत."