मांडवावरचा वाल

आरं ऐका की, आज काय झालं! आपल्या आसारामदादाची मनकर्णावैनी हाय ना, तिच्या परसातला वाल बघितला का? मांडवभर पसरलाय, पानं तळहाताएवढी, आन शेंग म्हणाल तर एक न्हाई! मला कारण ठावं होतं. वैनी सेलूच्या गटारीचा गाळ पाट्याच्या पाट्या आणून बुडाला घालायली. त्यानं नुस्ता पाला माजतो, फूल गळून जातंय. मी सरकारी फार्मवर कामाला, सायबाच्या मागं लागून नवं इलायती औषध मिळवलं. पाण्यात चार थेंब टाकून शिंपडलं की फूल गळतच न्हाई, शेंग धरतीया.

बाटली घेऊन पळतच गेलो. म्हणलं, "वैनी, वाल काय बैलाच्या वैरणीला लावलाय? तो गाळ बंद करा आन हे शिंपडा. बघा कशा शेंगा लागत्यात!"

वैनीनं बाटली उन्हात धरून बघितली, लय वेळ बघितली, आन मला माघारी दिली.

"गाळानं शेंग धरत न्हाई, हे मला बी कळतंय, भावजी."

"मग घालता कशाला?"

"तुमचे दादा रझाकारांशी लढायला निजामाच्या सरहद्दीपल्याड कॅम्पात गेले, तवा म्हणले, वालाला शेंगा लागल्या की येतो."

तिनं गाळाची पाटी उचलली, वेलाच्या बुडाला रिकामी केली.

"गावातल्या सगळ्यांच्या शेंगा वाळून गेल्या. आपल्या अजून लागल्याच न्हाईत. मग त्यांना उशीर कुठं झालाय?"