चेहऱ्यात फेरफार

बाटलीचं झाकण उघडत नाही. आम्लपित्ताची गोळी, रोज, तिसरं वर्ष. पहाटेच्या पाळीला बसच्या स्टीअरिंगवर तिची बोटं बधिर. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हातमोजे घाला. कातडीचे म्हणाले, तेल लावा. नणंद म्हणाली, "वहिनी, कुठलं क्रीम लावतेस? आम्हालाही सांग की!" वाहन परवान्याच्या खिडकीतून परत आलेला अर्ज: फोटो नामंजूर, चेहऱ्यात फेरफार.

तो अर्ज तिने फोटोवाल्याच्या काउंटरवर आपटला.

"तिसऱ्यांदा! शुक्रवारी परवाना संपतोय माझा. बस काय तुम्ही चालवणार?"

"ताई, शपथेवर सांगतो, एक तीळसुद्धा पुसलेला नाही."

"मग कपाळावरच्या आठ्या काय उंदरांनी कुरतडल्या?"

त्याने जुना परवाना मागून घेतला. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा, शेजारी शेजारी ठेवले. जुन्यात आठ्या होत्या, भरलेले ओठ होते. नव्यात कातडी ताणून बसवल्यासारखी, चकचकीत. ओठांच्या जागी दोन रेघा.

"तोंड उघडा बरं. मोठं."

"उघडलंय की!"

दोन बोटं जेमतेम मावली असती.

"गारठ्यात हात पांढरे, निळे पडतात? जिना चढताना दम?"

"पडतात. लागतो. फोटो काढा आणि मोकळं करा मला. चार डॉक्टर झालेत, पाचवे तुम्ही नको."

"चौघांना सगळं सांगितलंत?"

"ज्याचं त्याला सांगितलं. पोटवाल्याला बोटं कशाला दाखवू?"

"बोटाची कातडी चिमटीत धरून बघा."

तिने धरली. निसटली. पुन्हा धरली. कातडी चिमटीत येईना. दुसरा हात. तोही तसाच.

फोटोच्या पाकिटावर त्याने एक शब्द लिहिला. स्क्लेरोडर्मा. "कातडी आवळत नेणारा आजार, आतही पसरतो. संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. सगळं एकत्र सांगा, फुप्फुसं तपासायला लावा. आजच. परवाना मिळेल नंतर."

"तुम्हाला हो काय कळतं यातलं?"

"माझी बायको यातच गेली."

ती पाकीट घेऊन बाहेर पडली. डेपोच्या उलट दिशेने.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या फोटोत बायकोची निळी बोटं त्यानेच रंग भरून गुलाबी केली होती.