दोन फळ्या

चुलतभाऊ प्रीतमने मुंबईहून वापरलेली लाल इटालियन स्पोर्ट्स गाडी आणली आणि तीच घेऊन तो रोज बेटेगावहून तारापूरला कामावर जाऊ लागला, तसं दिनानाथच्या पोटात दुखू लागलं. ग्रामपंचायतीत खेटे घालून त्याने आपल्याच दारासमोर उंच गतिरोधक करवून घेतला. बुटकी गाडी तिथेच अडली.

“दादा, घरात फळ्या हायेत काय? पोट घासतंय हिचं,” प्रीतम म्हणाला.

दिनानाथ मिशीत हसतोय तोवर बायकोने दोन फळ्या आणून चाकांपुढे लावल्यासुद्धा.

आता रोज सकाळी फळ्या घेऊन दिनानाथच उभा असतो, बायकोला जवळ फिरकू देत नाही. गाडी हळूहळू चढेपर्यंत तिच्या लाल पाठीवर त्याचा हात असतो.

काल त्याने ग्रामपंचायतीत नवा अर्ज दिला. गतिरोधक आणखी चार इंच उंच करावा.