हाताला हात

संपदाने चार गोळ्या वाटीत काढून ओट्यावर गौरांगच्या पुढ्यात ठेवल्या. त्याने वाटी बाजूला सरकवली आणि तिच्या जागी पूजेचा तांब्या ठेवला. बाहेरच्या खोलीत मनमाडचं जोडपं पाटांवर बसलं होतं. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. गौरांग गुरुजी त्यांच्यासाठी संततीची पूजा सांगणार होते. गुरुजींच्या स्वतःच्या लग्नाला सात वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता, हे मनमाडला कुणी सांगितलं नव्हतं.

रोगाच्या जंतूचं नाव ट्रायकोमोनास. एका पेशीचा जीव, नवराबायकोच्या संबंधातून इकडून तिकडे जातो. मूल न राहण्याला तो कारण असू शकतो, असेलच असं नाही, पण आधी त्याला घालवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. संपदाने दोनदा सात-सात दिवस औषध घेतलं. दोन्ही वेळा ती बरी झाली आणि दोन्ही वेळा तो त्र्यंबकच्या एसटीसारखा फेरी मारून परत आला, कारण गौरांगने गोळ्या घेतल्याच नव्हत्या. त्याला काही त्रासच नव्हता. सात वर्षांत या घरात वंश वाढला तो फक्त त्या जीवाचा.

आता तिसरी खेप. त्याच्या वाट्याला चारच गोळ्या, एकाच वेळी घ्यायच्या. पूजेआधी पोटात काही घालत नाही, असं गौरांगने सांगून पाहिलं. औषधाने उपास मोडत नाही, हे तो स्वतःच लोकांना सांगतो, याची तिने आठवण करून दिली. मग त्याने नवा मुद्दा काढला. पूजा यजमान करतो, बायको नुसता त्याच्या हाताला हात लावते, तरी फळ दोघांना मिळतंच की.

"तू घे," तो म्हणाला. "मी हात लावतो."

संपदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. एरवी तिला हसू आलं असतं, पण त्याला लागणारी ताकद सकाळच्या डब्यात खर्च झाली होती आणि ऑफिस अजून व्हायचं होतं.

"हात बायको लावते," ती म्हणाली. "करायचं नवऱ्याने असतं."

गौरांगने दर्भाची बांधलेली जुडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घेतल्या म्हणजे हे मी आणलं असं होतं."

हा जीव वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, लग्नाआधीपासूनही असू शकतो, कुणाकडून कुणाला गेला ते सांगता येत नाही, हेही डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. संपदाने तेवढ्यावर तो प्रश्न मिटवला होता. मिटवला म्हणजे घडी घालून आत ठेवला होता.

"बाहेर त्या दोघांना आत्ता काय सांगून आलास?" तिने विचारलं.

तिने भिंतीआडून ऐकलंच होतं. तो सगळ्यांना सांगतो तेच. दोष कुणाचा हे बघायचं नाही, निवारण दोघांनी मिळून करायचं. त्यावर मनमाडच्या नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला होता. बायकोचा काही ऐकू आला नव्हता.

"गुरुजी," बाहेरून नवऱ्याने विचारलं, "नुसतं बसूनच राहायचं का आम्ही?"

आलोच, असं सांगून गौरांगने वाटी उचलली. सवयीप्रमाणे गोळ्या उजव्या तळहातावर घेतल्या, तांब्या डाव्या हातात. संपदा पुढे झाली आणि तिने चार बोटं त्याच्या उजव्या हाताला लावली.

"मम म्हण," ती म्हणाली.

"मम," तो म्हणाला, आणि एकेक करून चारही गिळल्या.

तिने हात काढला नाही. गुरुजी सांगेपर्यंत हात काढायचा नसतो. आणि गुरुजी काही सांगत नव्हते.